वॉर्डातील स्वच्छतेवर देखरेख: संसर्ग नियंत्रणाचे काम नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी

संसर्ग नियंत्रण परिचारिका म्हणून नेमणुकीचा आदेश हाती येतो, तेव्हा त्यात ‘वॉर्डांच्या स्वच्छतेवर देखरेख ठेवणे’ अशी एक ओळ असते. ती देखरेख कशावर ठेवायची, कशी ठेवायची आणि त्यातून पुढे काय करायचे, याबद्दल आदेश काहीच सांगत नाही. आधीच्या सिस्टरांकडून एक रजिस्टर मिळते, त्यात रोज ‘वॉर्ड स्वच्छ आहे’ असे लिहून सही केलेली असते, आणि नवीन माणूस तीच पद्धत पुढे चालू ठेवतो. हे काम मी बरीच वर्षे केले आहे, आणि जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, महापालिकेचे रुग्णालय किंवा मध्यम आकाराचे खासगी रुग्णालय यांपैकी कुठेही ते नव्याने सुरू करणाऱ्यांचा सुरुवातीचा गोंधळ टळावा, म्हणून हे लिहीत आहे. महागडी उपकरणे नसली तरी यातील बहुतेक सर्व करता येते.

कारण एकदा नीट समजून घेतले की पुढचे सारे सोपे जाते. रुग्णालयात साथ पसरवणारे जंतू कोरड्या पृष्ठभागावर फार काळ टिकतात. ॲसिनेटोबॅक्टर काही दिवसांपासून पाच महिन्यांपर्यंत, तर मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस सात दिवसांपासून सात महिन्यांपर्यंत जिवंत राहू शकतो. म्हणजे खाटेवरचा रुग्ण घरी गेला तरी त्याचे जंतू खाटेच्या कठड्यावर, लॉकरच्या मुठीवर आणि मॉनिटरच्या बटणांवर राहतात आणि पुढच्या रुग्णाला मिळतात. मधला दुवा असतो तो हातांचा: आपल्या, डॉक्टरांच्या आणि नातेवाइकांच्या. म्हणूनच फरशी चकचकीत आहे आणि फिनेलचा वास येतो आहे, एवढ्यावरून वॉर्ड सुरक्षित आहे असे म्हणता येत नाही. फरशीला कोणी हात लावत नाही. कठड्याला सगळे लावतात.

१. कोणती वस्तू कोणी पुसायची, हे आधी कागदावर आणा

तपासणी सूची घेऊन वॉर्डात जाण्याची घाई करू नये. आधी वॉर्डातील प्रत्येक वस्तू पुसण्याची जबाबदारी कोणाची आहे, हे विचारत फिरावे. फरशी आणि स्वच्छतागृह सफाई कामगारांकडे असते, याबद्दल कोणाचे दुमत नसते. खाट, गादी आणि लॉकर पुसणे मावशींचे की वॉर्डबॉय मामांचे, यावर दोन शिफ्टमध्ये दोन उत्तरे मिळतात. आणि मॉनिटर, इन्फ्युजन पंप, सलाईन स्टँड, बीपीचा पट्टा, पल्स ऑक्सिमीटरची चिमटी, व्हीलचेअरचे हात, फाइलींची ट्रॉली, संगणकाचा कळफलक यांच्याबद्दल विचारले की सगळे एकमेकांकडे पाहतात. कामगार म्हणतात की यंत्राला हात लावू नका असे आम्हाला सांगितलेले आहे, सिस्टर म्हणतात की पुसणे सफाईवाल्यांकडे आहे, आणि दोघांचेही म्हणणे खरे असते. साथीच्या वेळी जंतू नेमके याच बेवारस वस्तूंवर सापडतात.

म्हणून एका कागदावर चार रकाने आखावेत: वस्तू, कोणी पुसायची, कशाने पुसायची, केव्हा पुसायची. हा तक्ता परिसेविका (वॉर्डाच्या प्रमुख सिस्टर), सफाई पर्यवेक्षक आणि वॉर्डाचे डॉक्टर यांच्यासमोर बसून भरावा, त्यावर अधिसेविका (मेट्रन) आणि वैद्यकीय अधीक्षक यांच्या सह्या घ्याव्यात आणि तो वॉर्डात लावावा. विजेवर चालणाऱ्या उपकरणांसाठी उत्पादकाच्या माहितीपुस्तिकेत कोणते जंतुनाशक चालते ते पाहून मगच तिसरा रकाना भरावा, कारण क्लोरीनच्या द्रावणाने धातू गंजतो आणि काही पडदे कायमचे धूसर होतात.

सफाईचे काम ठेकेदाराकडे असेल तर कराराची प्रत मागून घ्यावी. पुष्कळ करारांत ‘परिसराची स्वच्छता’ एवढेच मोघम लिहिलेले असते आणि रुग्णाच्या खाटेभोवतीच्या वस्तूंचा उल्लेखच नसतो. ही उणीव आजच प्रशासनाच्या लेखी नजरेस आणून द्यावी, म्हणजे पुढच्या निविदेत ती भरून निघेल.

२. जवळ काय काय असावे

कागदपत्रे:

- रुग्णालयाच्या संसर्ग नियंत्रण समितीचा आदेश आणि शेवटच्या काही बैठकांची इतिवृत्ते.
- केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जानेवारी २०२० मध्ये काढलेली संसर्ग प्रतिबंध व नियंत्रणाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे, आणि सार्वजनिक आरोग्य संस्थांसाठीची २०१५ ची स्वच्छता मार्गदर्शिका.
- ‘कायाकल्प’ योजनेची, म्हणजे सरकारी रुग्णालयांच्या स्वच्छतेला गुण आणि पुरस्कार देणाऱ्या केंद्राच्या योजनेची, तपासणी सूची (सरकारी रुग्णालयांसाठी).
- जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६.
- सफाईच्या कराराची प्रत, कामगारांची शिफ्टनुसार यादी आणि त्यांच्या हिपॅटायटिस बी व धनुर्वात लसीकरणाची नोंद. हे लसीकरण कचरा नियमांनुसार बंधनकारक आहे. नोंद नसेल तर देखरेखीच्या आधी ते काम मार्गी लावावे.
- वापरातील प्रत्येक जंतुनाशकाचे लेबल आणि सुरक्षिततेची माहिती.
- प्रयोगशाळेकडून येणारा कल्चर अहवालांचा (नमुन्यात कोणता जंतू वाढला ते सांगणाऱ्या अहवालांचा) गोषवारा.

साहित्य:

- चांगली विजेरी आणि लहान आरसा.
- अतिनील प्रकाशाची विजेरी आणि त्याखाली चमकणारे, सहज पुसले जाणारे जेल किंवा लोशन.
- क्लोरीनचे प्रमाण मोजण्याच्या पट्ट्या.
- मोजपात्र, घड्याळ, कागद लावलेली पाटी.

अतिनील विजेरी आणि जेल यांचा खर्च मोठा नाही, तरीही खरेदीच्या प्रस्तावाला वेळ लागतो. त्यामुळे मागणीपत्र पहिल्याच आठवड्यात द्यावे आणि तोवर तिसऱ्या ते सहाव्या पायरीपर्यंतचे काम सुरू करावे.

३. वॉर्डाचा नकाशा काढा आणि जोखीम ठरवा

शस्त्रक्रियागृह, अतिदक्षता विभाग, प्रसूतिकक्ष, विशेष नवजात शिशु दक्षता कक्ष, डायलिसिस आणि भाजलेल्या रुग्णांचा वॉर्ड हे अतिजोखमीचे. सर्वसाधारण वॉर्ड, प्रयोगशाळा हे मध्यम जोखमीचे. कार्यालय, अभिलेख कक्ष हे कमी जोखमीचे. २०१५ च्या मार्गदर्शिकेनुसार अतिजोखमीच्या भागात दर दोन तासांनी आणि मध्यम जोखमीच्या भागात दर चार तासांनी सफाई अपेक्षित आहे, शिवाय सांडले तर तत्काळ. आपली देखरेखही याच क्रमाने असावी: अतिजोखमीच्या भागाची दर आठवड्याला, मध्यम भागाची दर महिन्याला.

नकाशा हाताने काढलेला चालेल. त्यावर खाटांचे क्रमांक, बेसिन, नळ, एसीचे पाणी गळण्याची जागा, ड्रेसिंग ट्रॉली उभी राहण्याची जागा दाखवावी. आपल्याकडे पावसाळ्यात वॉर्ड भरून वाहतात आणि खाली गाद्या टाकाव्या लागतात. त्या फ्लोअर बेडनाही क्रमांक देऊन नकाशात जागा द्यावी. ज्या खाटेला क्रमांक नाही, ती सफाईच्या यादीतही येत नाही आणि साथीच्या तपासातही सापडत नाही.

४. स्पर्शाच्या जागांची यादी

प्रत्येक खाटेभोवतीच्या आठ ते दहा जागा निश्चित कराव्यात आणि सर्व वॉर्डांत त्याच ठेवाव्यात, नाहीतर एका महिन्याची दुसऱ्याशी तुलना होत नाही. माझ्या यादीत खाटेचे दोन्ही कठडे, खाट वरखाली करण्याचा दांडा, लॉकरचा वरचा पृष्ठभाग आणि मूठ, सलाईन स्टँडचा हाताने धरण्याचा भाग, ऑक्सिजनच्या फ्लोमीटरची कळ, बोलावण्याची घंटा किंवा जवळचे विजेचे बटण, मॉनिटरची बटणे, जेवणाचे टेबल आणि स्वच्छतागृहाच्या दाराची कडी या जागा असतात. नवजात कक्षात रेडियंट वॉर्मरच्या (बाळाला ऊब देणाऱ्या यंत्राच्या) बाजूच्या पट्ट्या, त्यांच्या खिट्ट्या, तापमानाची बटणे, वजनकाटा आणि सक्शन यंत्राची कळ या जागा घ्याव्यात.

गादीकडे विशेष लक्ष द्यावे. रेक्झिनचे आवरण शिवणीशी उसवले किंवा मध्यभागी चिरले की आतल्या फोममध्ये रक्त, लघवी आणि पू मुरतो. वरून कितीही पुसले तरी रुग्णाच्या भाराने तो पुन्हा बाहेर येतो. आवरणाची चेन उघडून आतला फोम पाहावा. डाग किंवा ओल दिसली तर गादी त्याच दिवशी बाद करण्यासाठी लिहून द्यावी. आणखी एक गोष्ट जवळून पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. सलाईन स्टँडवर आणि कठड्यांवर आपणच चिकटपट्टीचे तुकडे तयार ठेवतो. पट्टी निघते, पण तिचा गोंद राहतो. त्या गोंदावर काळपट थर बसतो, फडके त्यावरून घसरत जाते, आणि जंतुनाशक त्या थराखाली पोहोचत नाही. वॉर्डात चिकटपट्टी लावण्यासाठी एक स्वतंत्र ट्रे ठेवला आणि जुना गोंद एकदा स्पिरिटने काढून टाकला, तर ही अडचण संपते.

५. पुसण्याआधी बादली पाहा

माझ्या मते देखरेखीचा निम्मा वेळ या पायरीला द्यायला हवा. द्रावण चुकीचे असेल, तर पुढे कितीही मन लावून पुसले तरी उपयोग होत नाही, आणि त्याचा दोष पुसणाऱ्याकडे जात नाही.

सोडिअम हायपोक्लोराइट, म्हणजे वॉर्डातला ‘हायपो’, बाजारात बहुधा पाच किंवा दहा टक्क्यांचा मिळतो. पृष्ठभागासाठी ०.५ टक्के आणि रक्त सांडल्यास एक टक्का लागतो. हिशोब असा:

- पाच टक्क्यांच्या हायपोपासून ०.५ टक्के: एक भाग हायपो, नऊ भाग पाणी. एक टक्का: एक भाग हायपो, चार भाग पाणी.
- दहा टक्क्यांच्या हायपोपासून ०.५ टक्के: एक भाग हायपो, १९ भाग पाणी. एक टक्का: एक भाग हायपो, नऊ भाग पाणी.
- ३० टक्के क्लोरीन असलेल्या ब्लीचिंग पावडरपासून ०.५ टक्के: एक लिटर पाण्यात सुमारे १७ ग्रॅम. एक टक्का: एक लिटर पाण्यात सुमारे ३३ ग्रॅम.

पुरवठादार बदलला की कॅनवरची टक्केवारी बदलते आणि वॉर्डात मात्र जुन्याच मापाने हायपो ओतला जातो, हा सर्वांत नेहमीचा सापळा आहे. प्रत्येक नवीन खेपेचे लेबल स्वतः वाचावे. सफाई कामगारांना टक्केवारी पाठ करायला लावण्यापेक्षा बादलीच्या आत दहा लिटरच्या पातळीला ऑइलपेंटची रेघ मारावी, हायपोसाठी एकच ठरलेला मग द्यावा, त्यालाही खूण करावी आणि चित्रांचा तक्ता भिंतीवर लावावा. कामगार बदलले तरी खूण राहते.

द्रावण रोज ताजे करावे, झाकून ठेवावे आणि त्यावर तयार केल्याची वेळ लिहावी. ऊन आणि उष्णता यांनी क्लोरीन उडतो. विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याच्या भांडारात पडून राहिलेल्या पाच टक्के लिहिलेल्या कॅनमध्ये खरोखर पाच टक्के क्लोरीन उरला असेल असे गृहीत धरू नये. अशा वेळी क्लोरीनची पट्टी उपयोगी पडते. मात्र साध्या पट्ट्यांची मोजण्याची मर्यादा कमी असते, म्हणून डबीवरील सूचनेप्रमाणे द्रावण पातळ करून मोजावे आणि आलेला आकडा तितक्या पटीने वाढवावा.

घाण आधी साबणाच्या पाण्याने काढावी आणि मगच जंतुनाशक लावावे, कारण रक्त, पू, अन्नाचे कण यांच्या संपर्कात क्लोरीन निष्प्रभ होतो. जंतुनाशक लावल्यावर पृष्ठभाग निदान दहा मिनिटे ओला राहिला पाहिजे. लगेच कोरड्या फडक्याने पुसून काढणे ही सवय फार पसरलेली आहे, आणि तपासणीत ती घड्याळ लावून पाहिल्याशिवाय दिसत नाही. रक्त सांडले असेल तर त्यावर शोषक कागद किंवा कापड टाकून एक टक्क्याचे द्रावण ओतावे आणि दहा मिनिटांनी उचलावे. लघवी सांडली असेल तर आधी ती टिपून घ्यावी, कारण लघवी आणि क्लोरीन एकत्र आले की त्रासदायक वायू सुटतो. हायपो आणि स्वच्छतागृहाचे ॲसिड तर कधीही एकत्र येऊ देऊ नये. त्यातून निघणारा क्लोरीन वायू बंद स्वच्छतागृहात कामगाराच्या जिवावर बेतू शकतो. दोन्ही डबे वेगळ्या कपाटांत ठेवणे हाच त्यावरचा खरा उपाय आहे.

नवजात कक्षासाठी एक वेगळी सूचना आहे. फिनॉलयुक्त जंतुनाशके बाळ असलेल्या वॉर्मरवर, इन्क्युबेटरवर किंवा पाळण्यावर वापरू नयेत, कारण त्यांच्या वापरानंतर बाळांची कावीळ वाढल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत.

बादलीनंतर फडके. एका खाटेला एक फडके हा नियम, आणि वापरलेले फडके पुन्हा स्वच्छ द्रावणात बुडवायचे नाही. फडक्याची घडी घातली की पुसायला अनेक स्वच्छ बाजू मिळतात. पुसण्याची दिशा वरून खाली आणि स्वच्छ जागेकडून अस्वच्छ जागेकडे. फरशीसाठी तीन बादल्यांची पद्धत वापरावी: एकीत साबणाचे पाणी, दुसरीत मॉप खळबळून घेण्यासाठी साधे पाणी, तिसरीत जंतुनाशक. रुग्ण असलेल्या भागात झाडू चालत नाही, त्याने धूळ उडते. स्वच्छतागृहाचा मॉप आणि वॉर्डाचा मॉप यांचे रंग वेगळे असावेत, आणि वापरानंतर मॉप धुऊन डोके वर करून उन्हात वाळवावेत. ओला मॉप बादलीत रात्रभर पडून राहिला, तर सकाळी त्याच मॉपने आपण जंतू सगळ्या वॉर्डभर लावत जातो.

आणि पाणी. मराठवाड्यात उन्हाळ्यात टँकरवर चालणारी रुग्णालये थोडी नाहीत. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. नळाला पाणी ज्या वेळेला येते, ती वेळ सफाईच्या वेळापत्रकाशी जुळते का, साठवण किती आहे आणि टाकी शेवटची केव्हा धुतली, हे तपासणी सूचीत असलेच पाहिजे. पाणी नसताना ‘सफाई झाली नाही’ असा शेरा कामगाराच्या नावावर पडू नये.

६. काम चालू असताना पाहा

डोळ्यांनी पाहणे ही पहिली आणि सर्वांत स्वस्त पद्धत आहे. धूळ, डाग, कोळिष्टके, तुटलेल्या फरश्या यासाठी ती पुरेशी आहे, जंतूंसाठी नाही. पाहणीचे दोन प्रकार करावेत. एकात सफाई चालू असताना बाजूला उभे राहून क्रम, फडके, वेळ, हातमोजे यांची नोंद घ्यावी. दुसऱ्यात सफाईनंतर ठरलेल्या जागा पाहाव्यात. आपण पाहत आहोत हे कळले की प्रत्येक जण अधिक काळजीने काम करतो, म्हणून केवळ या नोंदींवर निष्कर्ष काढू नये. सकाळच्या राउंडच्या आधी वॉर्ड सर्वांत स्वच्छ असतो. म्हणून संध्याकाळी भेटीच्या वेळेनंतर, रात्रपाळीत आणि रविवारीही जावे. ‘कायाकल्प’च्या पथकाच्या आधल्या आठवड्यातील नोंदी वेगळ्या ठेवाव्यात. त्या योजनेत प्रत्येक मुद्द्याला शून्य, एक किंवा दोन गुण मिळतात आणि ७० टक्क्यांची रेषा ओलांडायची असते. ते गुण महत्त्वाचे आहेत, परंतु साथीच्या तपासात त्या एका आठवड्याचा आकडा दिशाभूल करतो.

डिस्चार्जनंतरची सफाई मुद्दाम पाहावी. बाहेर स्ट्रेचरवर पुढचा रुग्ण ताटकळत असतो, सिस्टर घाईत असतात आणि चादर बदलली की खाट तयार झाली असे समजले जाते. दहा मिनिटांचा ओलावा इथेच बुडतो. जिथे शक्य असेल तिथे एक खाट कायम मोकळी ठेवण्याची व्यवस्था परिसेविकेशी बोलून करावी.

७. चमकणारा ठिपका

साध्या प्रकाशात न दिसणाऱ्या जेलचा छोटा ठिपका ठरलेल्या जागांवर सफाईच्या आधी लावायचा, वाळू द्यायचा आणि पुढच्या सफाईनंतर, साधारण २४ तासांच्या आत, अतिनील विजेरीने पाहायचा. ठिपका गेला किंवा स्पष्टपणे विस्कटला असेल तर जागा पुसली गेली. जसाच्या तसा असेल तर नाही. अमेरिकेत डॉ. फिलिप कार्लिंग आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत रुढ केली. ३६ रुग्णालयांतील त्यांच्या २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुरुवातीला ४८ टक्केच जागा पुसल्या जात होत्या. निष्कर्ष कर्मचाऱ्यांना दाखवून प्रशिक्षण दिल्यावर हे प्रमाण ७७ टक्क्यांवर गेले. नवी यंत्रे न आणता, केवळ मोजून आणि सांगून झालेली ही सुधारणा आहे, म्हणून मी हा अभ्यास प्रत्येक प्रशिक्षणात सांगते.

ठिपका लावताना काही काळजी घ्यावी. तो रुपयाच्या नाण्याहून लहान असावा, सहज हात घासला जाईल अशा ठिकाणी नसावा, नाहीतर रुग्णाच्या हातानेच पुसला जातो. लावलेल्या जागांची नोंद लगेच करावी. जागा दर वेळी थोड्या बदलाव्यात. खोली शक्य तितकी अंधारी करावी, आणि विजेरीचा झोत रुग्णाच्या किंवा कोणाच्याही डोळ्यांवर जाऊ देऊ नये. नवजात कक्षात बाळ असलेल्या वॉर्मरवर ठिपका लावू नये. रिकाम्या वॉर्मरवर लावावा.

रात्री विजेरीखाली कठडा पाहिला की वरची बाजू काळी आणि स्वच्छ दिसते, आणि खालच्या बाजूला, जिथे रुग्ण उठताना बोटे अडकवतो तिथे, निळसर ठिपका तसाच उजळतो. हे दृश्य मी ज्यांनी तो कठडा पुसला त्यांनाच आधी दाखवते, अहवाल नंतर लिहिते. “मावशी, हे बघा, वरून छान झालंय, खालून राहिलंय, उद्या आपण दोघी मिळून बघू या,” एवढे सांगितले तरी पुरते. ठिपक्यांचा उपयोग करून एखाद्या कंत्राटी कामगाराची मजुरी कापली गेली, तर त्या दिवसापासून ही पद्धत संपली असे समजावे, कारण मग सगळे ठिपके शोधू लागतात आणि तेवढेच पुसतात. त्यामुळे नोंदीत वॉर्ड आणि जागा लिहावी, व्यक्तीचे नाव लिहू नये, आणि हे प्रशासनाकडून आधीच मान्य करून घ्यावे.

८. एटीपी यंत्र आणि स्वॅब

एटीपी हे सजीव पेशींत असणारे रसायन आहे, आणि एटीपी मापक त्यावरून पृष्ठभागावरील सेंद्रिय अवशेष काही सेकंदांत मोजतो. तो जिवंत जंतू आणि वरणाचा वाळलेला थेंब यांत फरक करत नाही, क्लोरीनचा अंश राहिला तर त्याचा आकडा बिघडतो, आणि एका कंपनीच्या यंत्राचा आकडा दुसऱ्याशी ताडता येत नाही. प्रशिक्षणासाठी तो चांगला आहे. रोजच्या कामासाठी त्याच्यावाचून अडत नाही.

दर महिन्याला सरसकट भिंती, फरशा आणि हवेचे स्वॅब पाठवण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. साथ नसताना असे स्वॅब घेतल्याने काय करायचे ते कळत नाही आणि प्रयोगशाळेचा वेळ मात्र जातो. स्वॅब साथीच्या तपासासाठी राखून ठेवावेत.

९. आकडा काढा आणि त्याच दिवशी परत द्या

पुसलेल्या जागा भागिले तपासलेल्या जागा, गुणिले शंभर. समजा दहा खाटांवर प्रत्येकी आठ, म्हणजे ८० जागा तपासल्या आणि ५२ पुसलेल्या निघाल्या, तर प्रमाण ६५ टक्के. या एका आकड्यावर थांबू नये; कोणत्या जागा राहिल्या ते वेगळे मांडावे. लॉकर ९० टक्के आणि मॉनिटरची बटणे २० टक्के असतील, तर अडचण कष्टांची नाही, पहिल्या पायरीतील जबाबदारीच्या तक्त्याची आहे.

निष्कर्ष त्याच दिवशी वॉर्डात, महिन्याचा आलेख संसर्ग नियंत्रण समितीत. समितीपुढे आलेखासोबत त्याच काळातील संसर्गाचे आकडे, हायपोचा वापर आणि रिकामी असलेली सफाई पदे एकत्र मांडावीत. तीन शिफ्टसाठी दोनच कामगार असतील, तर तो मुद्दा इतिवृत्तात नोंदवून घेणे हा आपल्या कामाचाच भाग आहे.

१०. साथीचा संशय आला तर

एकाच वॉर्डात, थोड्या दिवसांत, नेहमीपेक्षा अधिक रुग्णांत एकच जंतू आणि प्रतिजैविकांना प्रतिकाराचा एकच नमुना दिसला की संशय घ्यावा. कॅन्डिडा ऑरिससारख्या बुरशीचा एक रुग्णही पुरेसा आहे. तिच्यावर नेहमीची क्वाटर्नरी अमोनियमची जंतुनाशके भरवशाची नाहीत, क्लोरीन लागतो. नवजात कक्षांत आपल्याकडे ॲसिनेटोबॅक्टर आणि क्लेब्सिएला यांचा विचार आधी करावा. दिल्लीतील तीन रुग्णालयांच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवजात बाळांच्या जंतुसंसर्गात हेच दोन जंतू सर्वाधिक होते, अनुक्रमे २२ आणि १७ टक्के.

क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

- वैद्यकीय अधीक्षक, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि समितीच्या अध्यक्षांना त्याच दिवशी लेखी कळवावे.
- रुग्णांची यादी करावी: नोंदणी क्रमांक, दाखल होण्याची तारीख, खाट आणि खाटबदल, झालेल्या प्रक्रिया, नमुन्याची तारीख, जंतू, प्रतिकाराचा नमुना. ही यादी तिसऱ्या पायरीतील नकाशावर मांडावी. बाधित रुग्ण एकाच सक्शन यंत्राजवळचे आहेत की वेगवेगळ्या कोपऱ्यांतले, हे कागदावर लगेच दिसते.
- नकाशावरून जो संशय येतो त्यानुसार, आणि मोठी सफाई होण्यापूर्वी, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांना विचारून मोजके स्वॅब घ्यावेत. घाबरून आधी सगळा वॉर्ड धुऊन काढला जातो, नंतर स्वॅब घेतले जातात आणि सगळे निर्जंतुक येतात. उगम तसाच राहतो.
- ओल्या जागा विसरू नयेत: बेसिनचा निचरा, ऑक्सिजनची ह्युमिडिफायर बाटली, नेब्युलायझर, सक्शनची बरणी, एसीचा ट्रे. त्यासोबत औषधांच्या अनेकदा वापरायच्या कुप्या, सलाईन मिसळण्याची जागा आणि हात धुण्याचे प्रमाण पाहावे. पृष्ठभाग स्वच्छ निघाले म्हणजे हात स्वच्छ आहेत असे होत नाही.
- बाधित रुग्ण एकत्र ठेवावेत, त्यांची उपकरणे आणि शक्यतो परिचारिकाही वेगळ्या ठेवाव्यात, स्पर्शाच्या जागांची सफाई दुप्पट करावी आणि ठिपक्यांची तपासणी रोज करावी.

या वेळी हमखास कोणीतरी म्हणते, “फ्युमिगेशन करून टाका.” वॉर्ड रिकामा करून धूर सोडल्याने काहीतरी मोठे केल्याचे समाधान मिळते, पण घाणीच्या थराखालचे जंतू त्याने मरत नाहीत. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या २००८ च्या मार्गदर्शनात रुग्णसेवेच्या जागेत जंतुनाशकाची अशी फवारणी करू नये असे म्हटले आहे, आणि फ्युमिगेशनसाठी वापरल्या जाणाऱ्या फॉर्मॅलिनमधील फॉर्मल्डिहाइड तर माणसात कर्करोग घडवणारा पदार्थ म्हणून वर्गीकृत आहे. ज्या माणसांचा आणि जितका वेळ फ्युमिगेशनला द्यायचा, तोच प्रत्येक खाट साबणाने आणि मग क्लोरीनने हाताने पुसण्यास द्यावा, हे समितीत ठामपणे मांडावे.

वॉर्ड बंद करण्याचा निर्णय समितीचा असतो. आपल्याकडून त्यांना यादी, नकाशा आणि रोजचे प्रमाण एवढे मिळाले पाहिजे. नवीन रुग्ण आढळणे थांबल्यावरही समितीने ठरवलेल्या मुदतीपर्यंत रोजची तपासणी चालू ठेवावी, मग ती आठवड्यावर आणावी, आणि साथीच्या काळातील सर्व कागद एका स्वतंत्र फाइलीत, वॉर्डाचे नाव आणि महिना लिहून, संसर्ग नियंत्रण कक्षात ठेवावेत. आपली बदली झाली तर कार्यभार देताना रजिस्टरच्या आधी ही फाइल पुढच्या सिस्टरांच्या हाती द्यावी.